जुनी बोट घ्यावी का? आधी पॉलिसीचा कागद वाचा

पत्र थोडक्यात असं. वाचक ४४ वर्षांचे, खासगी नोकरीत. पत्नी घर सांभाळतात, दोन मुलं शाळेत. त्यांना १७ वर्षं जुनी, ६ मीटर लांबीची फायबरची मासेमारी बोट मिळतेय, ९० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं) इंजिन आणि ट्रेलरसह. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून काही रक्कम भरायची, बाकीचं ५ वर्षांचं कर्ज १२ टक्क्यांनी. ३ वर्षांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीचे पैसे येतील, त्यातून कर्ज मिटवायचं आणि उरलेल्यात मोठ्या मुलीचं कॉलेज. विक्रेत्याला रविवारपर्यंत विसार हवाय. प्रश्न एवढाच, की कर्ज घ्यावं की सगळे पैसे रोख द्यावेत.

तुमची ओळख पटू नये म्हणून सगळे आकडे तुमच्या हातात येणाऱ्या पगाराच्या महिन्यांत मांडतो. बोटीची किंमत ६ महिने. अडीअडचणीचा निधी ३ महिने, त्यातले २ तुम्ही काढणार. कर्ज ४ महिन्यांचं.

रविवारी विसार देऊ नका. आता कारणं सांगतो, आणि सुरुवात बोटीपासून करत नाही. पत्रात इंजिनबद्दल दीड पान आहे आणि पॉलिसीबद्दल दीड ओळ. धोका त्या दीड ओळीत आहे.

पॉलिसीचा हप्ता वर्षाला दीड महिन्याचा पगार, मुदत १० वर्षं, म्हणजे भरणा १५ महिने. एजंटने "दुप्पट" सांगितलं, म्हणून तुम्ही ३० धरले. दरवर्षी हप्ता भरून १० वर्षांत भरण्याच्या दुप्पट मिळायला वर्षाला १२ टक्क्यांहून थोडा जास्तच परतावा लागतो. हमी देणारी पॉलिसी तो देऊ शकत नाही. तुमचा पैसा मुख्यतः रोख्यांत जातो आणि त्यातून कमिशन, कंपनीचा खर्च आणि विम्याचं शुल्क वजा होतं. तुम्ही जोडलेल्या पॉलिसीच्या प्रतीत हमीची रक्कम आहे १७ महिने. म्हणजे सव्वादोन टक्के. बोनसचा जास्तीत जास्त अंदाज खरा ठरला तरी २०, म्हणजे ५ टक्के. ३० हा आकडा त्या कागदावर कुठेच नाही. ज्याने तो तोंडी सांगितला त्याने तुम्हाला फसवलं, असं मी स्पष्ट लिहितो.

तीन वर्षांनी बोटीचं कर्ज साधारण २ महिने उरलेलं असेल. ते १७ मधून सहज फिटेल. पण मुलीच्या कॉलेजसाठी तुम्ही २८ धरलेत आणि हातात येणार १५. जवळजवळ निम्मे.

याहून गंभीर गोष्ट तुम्ही विचारलेलीच नाही. या पॉलिसीत तुमच्या मृत्यूनंतर घराला मिळणार हप्त्याच्या १० पट, म्हणजे १५ महिन्यांचा पगार. दुसरा विमा नाही. सव्वा वर्षात ते पैसे संपतील, तेव्हा धाकटा मुलगा शाळेतच असेल. तुमच्या घराला किमान १० वर्षांच्या पगाराइतका, म्हणजे १२० महिन्यांचा मुदत विमा हवा. मुदतीत मृत्यू झाला नाही तर त्यात परत काही मिळत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो. "हप्ते परत देणारा" प्रकार कोणी पुढे केला तर तिथेच नाही म्हणा.

मग पॉलिसी मोडायची का? नाही. आज मोडली तर ८ महिने मिळतात, तर भरले आहेत साडेदहा. ते ८ आणि पुढचे तीन हप्ते ७ टक्क्यांवर ठेवले तर ३ वर्षांनी साधारण १५ होतात. चालू ठेवली तर १७. मोडण्यापेक्षा तिसरी वाट बरी: हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करायची. १० पैकी ७ हप्ते भरलेत, त्यामुळे हमीचे सात-दशांश, जवळपास १२, मुदतीला मिळतील. वाचलेले तीन हप्ते ७ टक्क्यांनी सव्वापाच होतात. बेरीज पुन्हा १७. पुढचा बोनस जाईल हे खरं, पण वर्षाला दीड महिन्याचा पगार आजपासून मोकळा होतो आणि तुम्हाला त्याची निकड आहे.

आता बोट. तुमच्या तक्त्यात एका फेरीला २० लिटर पेट्रोल आहे. ९० चं जुनं कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला ३० लिटरच्या वर पितं. सांभाळून चालवलं तरी १५ धरा. चार तास इंजिन चाललं की ६० लिटर. वर्षाच्या २० फेऱ्यांना तुमचा अंदाज अर्ध्या महिन्याच्या पगाराचा होता, तो दीड होतो. जागाभाडं, विमा, सर्व्हिसिंग मिळून पाऊण. कर्जाचे हप्ते १ च्या थोडे वर. मोडतोडीसाठी पाऊण बाजूला ठेवा, कारण जुन्या बोटीची किंमत उतरते, दुरुस्तीचा खर्च उतरत नाही. तो बोटीच्या आकारावर ठरतो. एकूण वर्षाला ४ महिने. घरखर्च आणि पॉलिसीचा हप्ता जाऊन तुमच्याकडे वर्षाला उरतात अडीच.

मासे विकून २ महिने मिळतील, हे तक्त्यातून खोडा. विकायचे तर बहुतेक ठिकाणी व्यावसायिक परवाना लागतो, आणि हौशी बोटीचा विमा धंद्याच्या वापरात झालेलं नुकसान सहसा भरत नाही.

बोट तपासताना तुम्ही फक्त इंजिनचा आवाज ऐकलात. ६ मीटरच्या जुन्या फायबर बोटीत पैसा खाते ती मागची भिंत, म्हणजे ट्रान्सम. त्यात बहुधा प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टच्या आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि लाकूड आतून कुजतं, बाहेरून रंग चकचकीत राहतो. प्लास्टिकच्या हातोडीने सगळीकडे ठोका. टणक आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे ओल आहे. मग इंजिन अर्धं वर उचलून खालच्या टोकावर जोर द्या आणि ट्रान्सम लवतो का, कोपऱ्यांत केसासारख्या भेगा आहेत का, ते बघा. लवला तर सौदा तिथेच संपवा. बोटीतली जमीन (डेक) पायाखाली मऊ लागत असेल तर खालच्या तुळयाही गेल्या असण्याची शक्यता मोठी. बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्या. उत्पादकाच्या आकड्यांत इंजिन, इंधन आणि सामान मिळवूनही शंभर-दीडशे किलो जास्त भरले तर जमिनीखालचा फोम पाणी प्यायलेला असू शकतो. तो काढायला जमीनच कापावी लागते.

इंजिनासाठी विक्रेत्याला सांगा, मी येण्याआधी सुरू करू नका. हात लावून ते थंड असल्याची खात्री करा. गरम झाल्यावर सगळे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला लावा. फरक १० टक्क्यांच्या आत हवा. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा: दुधाळ असेल तर सील गेलंय, धातूचा चुरा दिसला तर गिअर. आणि पाण्यात पूर्ण वेगाने पळवल्याशिवाय पैसे देऊ नका. बोटीचा आणि इंजिनाचा नंबर कागदाशी जुळतो का आणि विक्रेत्याचं कर्ज थकलेलं नाही ना, हे त्याच दिवशी बघा.

तरी ही बोट तुमच्यासाठी मोठीच आहे. पॉलिसीचा हप्ता थांबला की वर्षाला ४ महिन्यांचा पगार उरेल, त्यातून मुदत विम्याचा हप्ता जाईल. आधी निधी ३ वरून ५ वर न्या. मग ३ महिन्यांचं बजेट जमवा, २ ची बोट आणि १ पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला. तेही रोख. लहान बोट, ४० चं फोर-स्ट्रोक इंजिन. पेट्रोल निम्म्यावर येईल. दोन वर्षांत जमतं. मात्र कॉलेजच्या तुटीला त्यातलं काही द्यायचं ठरलं, तर बोट आणखी पुढे जाईल. हा निर्णय पत्नीसोबत बसून घ्या.

पॉलिसीचा पुढचा हप्ता महिनाभरात आहे, म्हणून क्रम सांभाळा. मुदत विम्याचा अर्ज या आठवड्यात. वैद्यकीय तपासणीत आजार किंवा सवय लपवू नका. पेड-अप रक्कम कंपनीकडून लेखी मागवा, एजंटच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका. नवा विमा हातात पडायला उशीर झाला तर हा एक हप्ता भरून टाका, पण नवी पॉलिसी हातात येण्याआधी जुनीचा हप्ता थांबवू नका.