अमेरिकेत शाळेच्या प्रॉमला, म्हणजे वर्षअखेरीच्या नाचाच्या समारंभाला, दोन मुली जोडीने गेल्या तर शाळा अडवू शकते का?

सरकारी शाळा असेल तर नाही. खासगी, विशेषतः चर्चच्या शाळेचं गणित वेगळं. अमेरिकी राज्यघटनेतली अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी संस्थेला नाही.

ही वाट १९८० साली ऱ्होड आयलंडच्या ॲरन फ्रिकने पाडली. त्याला जोडीदार म्हणून मुलाला न्यायचं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, मारामारी होईल. फेडरल न्यायालयाने शाळेलाच सुनावलं: हवा तर बंदोबस्त वाढवा, पण त्याला जाऊ द्या. दंगेखोरांच्या भीतीने त्याचाच हक्क का काढून घ्यायचा?

म्हणजे प्रश्न मिटला? कागदावर. २०१० मध्ये मिसिसिपीतल्या कॉन्स्टन्स मॅकमिलनला मैत्रिणीसोबत, तेही टक्सिडो (मुलांचा समारंभी सूट) घालून, प्रॉमला जायचं होतं. शाळेने सगळ्यांचाच प्रॉम रद्द करून टाकला! म्हणजे बाकीच्या पोरांचा राग आपसूक तिच्यावर. न्यायालयाने तिच्या हक्कांवर गदा आल्याचं मान्य केलं, पण प्रॉम घ्यायला भाग पाडलं नाही. मग पालकांनी वेगळा कार्यक्रम ठरवला. ती सांगितलेल्या जागी पोचली, तर तिथे जेमतेम सात मुलं. बाकी सगळे दुसरीकडे नाचत होते. मला तरी हे सरळ नकारापेक्षा क्रूर वाटतं. पुढे तडजोडीत तिला ३५,००० डॉलर मिळाले आणि शाळा प्रशासनाला भेदभावविरोधी धोरण स्वीकारावं लागलं.

तेव्हा अडवलंच तर नकार आधी लेखी मागा आणि प्रॉमच्या बऱ्याच आधी वकील गाठा.