वाचकांचे प्रश्न : बदललेले हेड गॅस्केट पुन्हा का गेले?

प्रश्न : माझ्याकडे २००३ सालची मारुती ८०० आहे. गेल्या मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडी तापली आणि पाणी उकळून बाहेर आले. गावातल्या मिस्त्रींनी हेड गॅस्केट उडाल्याचे सांगून आमच्या अंगणातच ते बदलून दिले. दिवाळीपर्यंत गाडी ठीक चालली. आता पुन्हा रेडिएटरमधले पाणी कमी होते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि लांबच्या प्रवासात काटा वर जातो. ऑइल मात्र स्वच्छ आहे. मिस्त्री म्हणतात की इंजिनचे पूर्ण काम काढावे लागेल. शेजारी सांगतात की रेडिएटरमध्ये हळद टाका. पाणी आम्ही बोअरचेच घालतो. काय करावे?
– एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : आपल्या पत्रात गॅस्केट बदलल्याचा उल्लेख आहे, पण हेड (सिलिंडरांवरचे झाकण) लेथवर नेऊन त्याचा पृष्ठभाग तपासल्याचा किंवा गाडी मुळात का तापली हे शोधल्याचा उल्लेख नाही. नवे गॅस्केट काही महिन्यांतच जाण्याचे कारण बहुधा या दोन राहून गेलेल्या कामांतच असावे.

हेड गॅस्केट हे ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) आणि हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेले पातळ पान असते आणि सिलिंडरमधील जळत्या वायूचा दाब, पाण्याचे मार्ग व ऑइलचे मार्ग हे तिन्ही एकमेकांपासून वेगळे ठेवण्याचे काम त्यालाच करावे लागते. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असेल, तर तापल्यावर हेड ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानात गॅस्केट हा फरक सोसते. परंतु पाणी संपलेल्या अवस्थेत इंजिन चालत राहिले, तर बोल्टांनी जखडलेल्या हेडला पसरायला जागा मिळत नाही आणि ते वाकते. वाकलेल्या हेडखाली कितीही चांगल्या कंपनीचे गॅस्केट घातले, तरी मधल्या फटीत त्यावर पुरेसा दाब पडत नाही आणि वायू तेथूनच वाट काढतो. डोळ्यांना हा बाक दिसत नाही. त्यासाठी धार सरळ असलेली पोलादी पट्टी हेडवर उभी, आडवी व तिरपी ठेवून खालून फिलर गेजचे (फट मोजण्याच्या साधनाचे) पान सरकवून पाहावे लागते. या वर्गातल्या लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट आढळल्यास हेडचे फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग लेथवर सपाट करून घेणे, आवश्यक समजले जाते. ब्लॉकचा वरचा भागही याच पद्धतीने तपासावा; अंगणात केलेल्या कामात तो हमखास राहून जातो.

आधी दुखणे गॅस्केटचेच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरचे झाकण काढून पाणी काठोकाठ भरावे आणि गाडी चालू करावी. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा चालू केल्यावर लगेच पाणी उसळून बाहेर आले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. (तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये, वाफेने चेहरा भाजतो.) शहरातल्या बऱ्या गॅरेजमध्ये एक निळे द्रावण मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि ते पिवळे झाले, तर शंका उरत नाही. पांढऱ्या धुराविषयी मात्र सावध राहावे, कारण थंडीच्या सकाळी निरोगी गाडीतूनही थोडी वाफ निघते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही धूर थांबत नसेल तरच तो गंभीर समजावा. ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही. सिलिंडर आणि पाण्याचा मार्ग यांच्यामधली कड गेली असेल, तर ऑइलमध्ये पाण्याचा थेंबही उतरत नाही.

इंजिनचे पूर्ण काम काढण्याची घाई करू नये. हेड उतरवण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) मोजून घ्यावे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचेच कॉम्प्रेशन पडलेले असेल, तर दोष बहुधा त्यांच्यामधल्या गॅस्केटच्या कडेत असतो. निळा धूर नसेल आणि ऑइल फारसे जळत नसेल, तर पिस्टन-रिंगांना हात लावण्याचे कारण मला दिसत नाही.

हळदीचा उपाय रेडिएटरच्या जाळीतल्या बारीक छिद्रासाठी आडवाटेला एखाद वेळी घर गाठून देतो, हे खरे. पण सिलिंडरमधल्या स्फोटाचा दाब तिने अडत नाही आणि तिचा गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसून गाडी आणखी तापते. बाटलीतून मिळणाऱ्या गळती बंद करणाऱ्या द्रावणांविषयीही माझे मत याहून वेगळे नाही.

आता आपल्या पाण्याकडे येतो, कारण माझ्या मते खरी मेख तेथे आहे. दर्यापूर तालुका पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात, येतो. जे बोअरचे पाणी पिके आणि माणसे दोघांनाही मानवत नाही, ते अॅल्युमिनियमच्या हेडला मानवेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. क्षारांचे थर रेडिएटरच्या नळ्यांत साचतात आणि क्लोराइडमुळे हेडच्या पाण्याच्या छिद्रांभोवतीचा धातू खाल्ला जाऊन खड्डे पडतात. हे खड्डे गॅस्केटच्या कडेपर्यंत पोहोचले असतील, तर फेसिंगने ते जातात की वेल्डिंग करून किंवा दुसरे हेड घेऊन भागवावे लागते, हे लेथवाल्याला स्पष्ट विचारावे. त्याच वेळी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्यावी, म्हणजे व्हॉल्व्हच्या सीटजवळ तडा असेल तर तो कळेल. फेसिंगमध्ये धातू लागेल तेवढाच काढायला सांगावे. जास्त काढल्यास कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोका देऊ लागते.

हेड उतरवताना इंजिन पूर्ण थंड असावे आणि बोल्ट बाहेरून आत थोडे थोडे सैल करावेत. बसवताना याउलट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. हाताच्या अंदाजाने आवळणारे अनुभवी मिस्त्री आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण या एका कामात मला तो अंदाज मान्य नाही. टॉर्कचा आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. बोल्टांच्या छिद्रांत पाणी किंवा ऑइल राहिले तर टॉर्क खोटा लागतो आणि क्वचित ब्लॉकही फुटतो, म्हणून ती कोरडी करावीत. गॅस्केट कोरडेच बसवावे. त्याला शेलॅक (लाखेचा चिकट लेप) फासण्याची सवय अनाठायी आहे. टायमिंग बेल्ट याच कामात निघतो, तेव्हा जुना असल्यास बदलावा. ऑइल व फिल्टरही नवे घालावे.

गाडी घाटात का तापली, हे शोधल्याशिवाय तिला पुन्हा घाटात नेऊ नये. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ असा आकडा (बारमधला दाब) असेल आणि त्याची स्प्रिंग शाबूत असेल, तर तेवढ्या दाबाखाली पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण ढिले असेल तर चिखलदऱ्यासारख्या सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी ते ९६ अंशांच्या आसपासच उकळू लागते. त्यानंतर पंखा वेळेवर सुरू होतो का, वॉटर पंप गळतो का आणि रेडिएटरच्या जाळीत धूळ व भुसा अडकला आहे का, हे पाहावे. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून छापलेल्या तापमानाला उघडतो का, ते तपासावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो काढूनच टाकण्याची पद्धत पडली आहे. तीही चुकीची आहे, कारण काही इंजिनांत त्याच्याविना पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहते. काटा अचानक खाली आला म्हणून निश्चिंत होऊ नये. पाणी संपल्यावर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे सांगतो. शेवटी, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कुलंट निम्मे-निम्मे भरावे आणि झाकण उघडे ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवून आतली हवा काढावी.

खर्च परवडेल का, हे हेड लेथवरून परत आल्यावर ठरवावे. हेडला तडा निघाला, तर चांगल्या अवस्थेतले जुने हेड शोधणे किंवा गाडी काढून टाकणे, यांचा विचार त्या वेळी करता येईल. १५ वर्षांनंतरच्या नोंदणीची मुदत किती उरली आहे, हेही त्या हिशेबात धरावे.

प्रश्न : हेड बसवल्यानंतर काही दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळावे लागतात का?
– एक वाचक, वणी, जि. यवतमाळ

उत्तर : मॅन्युअलमध्ये तसे सांगितले असेल तरच आवळावेत. जुन्या जीपसारख्या वाहनांतली काही गॅस्केटे इंजिन पहिल्यांदा तापल्यावर थोडी दबतात आणि त्यांना ही आवळणी लागते. ज्या इंजिनांत बोल्ट टॉर्कनंतर ठरावीक अंशांनी फिरवून ताणले जातात, तेथे मात्र पुन्हा पाना लावू नये. तेथे हेड पुढे कधी उतरवल्यास बोल्टही नवे घ्यावेत.