जागा कमी असू द्या, आडोसा मात्र हवा

तुम्ही विचारलंय की मांजर कपड्यांच्या कपाटात व्याली आहे, चार पिल्लं आहेत, घर एका खोलीचं आहे, तर तिला पिल्लांसकट बाल्कनीत हलवू का? नका हलवू.

मीही एकाच खोलीत मांजर आणि तिची पिल्लं सांभाळली आहेत, म्हणून ठामपणे सांगते. पहिले तीन आठवडे लहान घराची अडचण होत नाही. सुरुवातीला पिल्लांचे डोळे मिटलेले, कान बंद, आणि ते उघडल्यावरही पायात फारसा जोर नाही. आईला आडवं पडून पाय ताणता आले की त्यांच्यासाठी तेवढी जागा भरपूर झाली. खरी अडचण आडोसा नसल्याने होते. लहान घरात दिवा, टीव्ही, माणसांची ये-जा सगळं अगदी जवळ असतं. मांजरीला जागा सुरक्षित वाटली नाही की ती पिल्लांना मानेला धरून दुसरीकडे नेते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच धास्ती असते. तुमच्या घरात दुसरी चांगली जागाच नसेल, तर ती फ्रिजच्या मागे नाहीतर पलंगाच्या पेटीत नेऊन ठेवेल, आणि ते कपाटापेक्षा कितीतरी वाईट.

तेव्हा तो खण तिला देऊन टाका. ती खायला उठेल तेव्हा तुमचे कपडे थोडे थोडे काढून घ्या. खाली वर्तमानपत्रांचा जाड थर आणि वर जुनी सुती चादर घाला. टॉवेल नको, या वयात पिल्लांना नखं आत ओढता येत नाहीत आणि ती टॉवेलच्या धाग्यांत अडकतात. कपाटाचं दार अर्धवट उघडं राहील असं बांधून ठेवा, वाऱ्याने किंवा चुकून कोणाच्या धक्क्याने बंद व्हायला नको. खणाच्या तोंडाशी वीतभर उंच पुठ्ठा आडवा लावा. आई तो सहज ओलांडते, पिल्लू मात्र सरपटत बाहेर पडत नाही.

नवजात पिल्लांना भुकेइतकाच गारठ्याचा धोका असतो. त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवती साधारण 30 अंश सेल्सिअस तापमान लागतं. पंख्याचा झोत त्या बाजूला नको. हवा गार असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खणाच्या एकाच कोपऱ्यात ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लांना तिच्यापासून दूर सरकता येतं. एखादं पिल्लू गार पडलेलं दिसलं तर घाईने दूध पाजू नका. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी त्याला छातीशी धरून हळूहळू ऊब द्या आणि तोवर डॉक्टरांना फोन लावा.

एक काम मात्र रोज करा, वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. वाटीत मऊ फडकं घालून काटा शून्यावर आणायचा आणि आई खायला गेली की एकेक पिल्लू ठेवायचं. धडधाकट पिल्लू हाताला भरीव लागतं, वळवळतं आणि वाटीत ठेवल्या ठेवल्या मान डुलवत सड शोधू लागतं. आजारी पिल्लू लिबलिबीत आणि गार लागतं. जन्मताना वजन 100 ग्रॅमच्या आसपास असतं, मग रोज 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवं आणि दोन आठवड्यांत दुप्पट. एक दिवस वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा, घटलं तर थेट डॉक्टर गाठा. पोट दिसायला गोल असतं, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका.

आईला आता नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागेल. पिल्लांसाठीचं तयार खाद्य तिलाही द्या, त्यात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त असतात. खाणंपाणी खणापासून दोन-तीन पावलांवर आणि शीचा ट्रे त्याच्या अगदी विरुद्ध कोपऱ्यात ठेवा. गाईचं दूध आईला नको आणि पिल्लांना तर नकोच, जुलाब लागतात. फरशी पुसायला फिनाईल वापरू नका, ते मांजरांना विषारी असतं. साबणाचं पाणी पुरतं. वासाची काळजीही आत्ता नको, कारण पहिले तीन आठवडे आई पिल्लांची शी-शू चाटून साफ करते. किंबहुना तिने चाटल्याशिवाय त्यांना ती होतच नाही.

चौथ्या आठवड्यापासून मात्र जागा खरंच अपुरी पडायला लागते. पिल्लं सगळीकडे धावतात आणि आईला क्षणभर उसंत मिळत नाही. तिच्यासाठी पिल्लं चढू शकणार नाहीत असं एखादं उंच फळीचं ठिकाण रिकामं करा. लहान घरात ही एक सोय फार मोलाची ठरते. पिल्लांना बुटक्या कडांचा ट्रे द्या, पण त्यात ओली झाल्यावर गठ्ठे होणारी वाळू (लिटर) नको, कारण पिल्लं ती चाखून बघतात. वॉशिंग मशीन लावण्याआधी आत हात घालून बघायची सवय आत्ताच लावून घ्या. आणि त्यांना रोज थोडा वेळ हातात घ्या, याच वयात माणसांची भीती जाते.

आता आईबद्दल. सड लाल, गरम, कडक झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ती थरथरायला लागली, पाय ताठ टाकून चालू लागली, तर मध्यरात्र असली तरी थांबू नका. ते रक्तातलं कॅल्शियम घटल्याचं लक्षण असतं आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो.

दूध पाजत असतानाही ती पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते, म्हणून खिडक्या बंद ठेवा आणि बोक्याला आत येऊ देऊ नका. परका बोका पिल्लं मारूही शकतो. पिल्लं निदान आठ आठवड्यांची झाल्याशिवाय कोणाला देऊ नका. ती अंगावरचं दूध सोडतील, तेव्हा आईच्या नसबंदीची तारीख डॉक्टरांकडून ठरवून घ्या.