मध्यवस्तीत स्वस्त नाश्ता: आधी एवढंच बघा

एखाद्या शहरात पहिल्यांदाच जाताय ना? मग हॉटेलच्या खोलीच्या भाड्यात नाश्ता धरलाय का, ते बुकिंग करतानाच बघा. धरला असेल तर प्रश्नच मिटला. वेगळे पैसे घेत असतील तर बहुतेक वेळा बाहेरच स्वस्त पडतं.

बाहेर पडलात की मुख्य चौक सोडा, एक-दोन गल्ल्या आत शिरा. दर्शनी जागेचं भाडं शेवटी तुमच्याच बिलात येतं. कामावर निघालेली माणसं कुठे थांबतात ते पाहा. तिथली रांग लांब दिसली तरी भराभर सरकते, आणि खप जास्त म्हणून माल ताजा. रिकाम्या टेबलांना भुलू नका. मी भुललोय!

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- भूक अनावर होईपर्यंत थांबणं. मग दिसेल तिथे बसतो आपण.
- सुट्टीच्या दिवशी ऑफिसांच्या भागात शोधणं. गिऱ्हाईकच नाही, त्यामुळे बरीच दुकानं बंद. त्या दिवशी राहत्या वस्तीकडे वळा.
- दर न वाचता ऑर्डर देणं. कर आणि सेवा शुल्क वेगळं आहे का, बसून खायचा दर निराळा आहे का, आधी विचारा. बिल बहुधा पेयांनीच फुगतं, बरं का.

सवलतीची अ‍ॅप्स वगैरे नंतर बघू. आधी दोन-तीन सकाळी नुसते पायी फिरून या.