वाचकांचे प्रश्न: जॉर्डनच्या ६३ गुणांचा हिशेब

प्रश्न: मायकेल जॉर्डनचे प्ले-ऑफमधले (नेहमीच्या हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमधले) ६३ गुण हा एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, विक्रम अजून टिकून आहे का? मग कोबी ब्रायंटचे ८१ आणि विल्ट चेंबरलेनचे १०० कुठे गेले? (एक वाचक, नाशिक)

टिकून आहे. ८१ (२००६) आणि १०० (१९६२) हे दोन्ही नेहमीच्या हंगामातले. प्ले-ऑफची नोंद वेगळी ठेवली जाते आणि तिथे २० एप्रिल १९८६ला बोस्टन गार्डनवर शिकागो बुल्सकडून केलेले ६३ सर्वांत वर आहेत. सामना मात्र दुसऱ्या जादा वेळेत बोस्टन सेल्टिक्सने १३५-१३१ असा जिंकला.

प्रश्न: त्यात थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट) किती होते? आणि अशी खेळी ‘चांगली’ की नुसती ‘मोठी’, हे स्कोअरकार्डवरून कसं ओळखायचं? (एक प्रशिक्षक, सांगली)

एकही नाही. ४१ पैकी २२ फील्ड गोल (चालू खेळात केलेले बास्केट), २१ पैकी १९ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे एका गुणाचे मोकळे नेम). बावीस दुणे ४४, त्यात १९, झाले ६३. थ्री-पॉइंटची रेष एनबीएत १९७९-८०पासून होती, पण तेव्हाचा जॉर्डन गुण काढायचा तो आत घुसून, उडी मारून आणि फाउल मिळवून.

नुसती नेमबाजीची टक्केवारी (इथे ५३.७) फ्री थ्रो धरत नाही, म्हणून ‘ट्रू शूटिंग’ काढा. फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४४ने गुणा, त्यात फील्ड गोलचे प्रयत्न मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि गुणांना त्या आकड्याने भागा. २१ × ०.४४ = ९.२४; अधिक ४१ = ५०.२४, दुप्पट १००.४८. उत्तर ६२.७ टक्के. दोन फ्री थ्रो म्हणजे साधारण एक चढाई, मग पुरता अर्धा का धरत नाहीत? बास्केट झाल्यावर मिळालेला जादा फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा (गैरवर्तनासारख्या चुकीबद्दलचा) फ्री थ्रो यांत संघाची वेगळी चढाई खर्ची पडत नाही.

प्रश्न: एल्जिन बेलरचे ६१ गुण जादा वेळेशिवाय झाले होते. मग मोठा कोण? (एक वाचक, ठाणे)

मुद्दा रास्त आहे. १४ एप्रिल १९६२ला, अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात, बोस्टन गार्डनवरच आणि सेल्टिक्सविरुद्धच लेकर्सच्या बेलरने ४८ मिनिटांच्या सामन्यात ६१ केले, शिवाय २२ रिबाउंड (नेम हुकल्यावर परत आलेले चेंडू) घेतले आणि सामनाही जिंकून दिला. जॉर्डनचे ४८ मिनिटांअखेर ५४ होते. उरलेले ९ पाच-पाच मिनिटांच्या दोन जादा डावांतले. पण बेलरला ४६ प्रयत्न लागले आणि त्याचं ट्रू शूटिंग ५६.१ भरतं. ओझं कुणी जास्त वाहिलं असं विचाराल तर आमचं मत बेलरकडे. नेम कुणाचा सरस, तर जॉर्डनचा.

प्रश्न: सेल्टिक्ससारखा संघ एका माणसाला दोघा-तिघांनी घेरून का थांबवू शकला नाही? (एक वाचक, नागपूर)

पहिलं कारण नियमांतलं. तेव्हा एनबीएत झोन डिफेन्सला, म्हणजे ठरावीक खेळाडूऐवजी मैदानातली जागा राखण्याला, बंदी होती. मदतीला येणाऱ्याने एकतर आपला माणूस धरायचा, नाहीतर सरळ चेंडूवाल्यावर धावून दुहेरी पहारा द्यायचा. मध्येच रेंगाळणं बेकायदा. त्यामुळे एका बाजूला मोकळी जागा करून जॉर्डनला एकास एक भिडवता येई. झोनला परवानगी मिळाली ती २००१-०२पासून. डेनिस जॉन्सन, डॅनी एन्ज असे पाळीपाळीने अंगावर आले, पण जवळ गेलं की तो बगल देऊन आत शिरायचा आणि मागे हटलं की जागेवरून उडी मारून फेकायचा. २१ फ्री थ्रो उगाच मिळत नाहीत.

दुसरं म्हणजे ताजेपणा. डाव्या पायाचं हाड मोडल्याने त्या हंगामात तो ६४ सामने बाहेर होता. ५८ मिनिटांच्या या सामन्यात तो ५३ मिनिटं खेळला. सेल्टिक्सचं तरी काय बिघडलं म्हणा: लॅरी बर्डने ३६ केले, बाकीच्यांनी हातभार लावला. बुल्सच्या १३१पैकी जॉर्डन सोडून सगळ्यांचे मिळून ६८. पुढच्या, म्हणजे तिसऱ्या सामन्यात त्यांनी जॉर्डनला १९वर रोखलं आणि जास्तीत जास्त पाच सामन्यांची मालिका ३-० अशी आटोपली.

प्रश्न: घड्याळ शून्यावर असताना फ्री थ्रो कसे दिले जातात? (एक शालेय खेळाडू, कोल्हापूर)

फाउल वेळ संपण्याआधी झाला असेल, तर फ्री थ्रो द्यावेच लागतात. याच सामन्यात केविन मॅकहेलच्या फाउलवर जॉर्डनने असे दोन टाकले आणि ११६-११६ अशी बरोबरी झाली.

आपल्याकडच्या गुणलेखकांची नेमकी इथेच गल्लत होते. नेम मारताना फाउल झाला आणि चेंडू आत गेला नाही, तर तो फील्ड गोलचा प्रयत्न धरायचा नाही, फक्त फ्री थ्रो मांडायचे. चेंडू आत गेला तर प्रयत्न आणि बास्केट दोन्ही धरून वर एक फ्री थ्रो. फिबाच्या (बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) गुणपत्रिकेवर बास्केटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, आणि तीन गुणांचा बास्केट असेल तर खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल.