साकवाच्या अलीकडे थांबलेली गाडी : वाचकांचे बांधकामाचे प्रश्न

दिवाळी उरकली की आपल्याकडे बांधकामाचा सीझन चालू होतो आणि मग वेगवेगळ्या वाड्यांमधून फिरून फिरून एकच प्रश्न येतो, रेडिमिक्स (प्लांटवर कालवून गाडीतून येणारं तयार काँक्रीट) मागवू का साइटवरच मिक्सर लावू. या वेळी आलेल्यातले पाच घेतलेत.

प्रश्न (गुहागर तालुका) : मी ठाण्याला असतो, गावी वडील एकटेच. जुन्या चिऱ्याच्या घराला लागून नवीन बांधतोय, हजार स्क्वेअर फुटाचा स्लॅब. गवंडी म्हणतो मिक्सरवर टाकू, भाऊ म्हणतो रेडिमिक्सच हवं. प्लांट चाळीसेक किलोमीटर लांब, आणि वाडीत शिरायच्या आधी व्हाळावर (ओढ्यावर) एक जुना साकव, म्हणजे छोटा पूल, आहे. प्लांटवाला फोनवर म्हणतो गाडी येईल, टेन्शन घेऊ नका. दर बरा वाटतोय. काय करू?

उत्तर : दर राहू दे बाजूला, आधी साकवाचं बोलू. एक घनमीटर काँक्रीट साधारण २४०० किलो भरतं, म्हणजे ६ घनमीटरच्या गाडीत नुसता माल साडेचौदा टन, वर गाडीचं स्वतःचं वजन धरलं तर पंचवीस टनाच्या आसपास किंवा पुढेच जातं. तुमच्या वाडीचा साकव कधी बांधला, कोणी बांधला, त्यावरून आजवर सगळ्यात जड काय गेलंय ते वडिलांना विचारा, चिऱ्याचा टेम्पो गेला म्हणजे ट्रान्झिट मिक्सर (फिरत्या ड्रमची काँक्रीटची गाडी) जाईल असं अजिबात नाही. ड्रायव्हर म्हणेल "जाते हो आरामात", पण साकव खचला तर उद्या गावाला तोंड तुम्हीच दाखवायचंय. ग्रामपंचायतीत किंवा बांधकाम विभागात विचारा, आणि फोनवर ऑर्डर न देता प्लांटच्या माणसाला एकदा जागेवर बोलवा. त्याला साकव दाखवा, दोन्ही बाजूंचे गडगे, वळण, रस्त्यावर आलेल्या आंब्याच्या फांद्या, महावितरणच्या खाली लोंबलेल्या तारा, सगळं दाखवा. गाडी वळवायला जागा नसेल तर रिव्हर्स किती लांब यावं लागेल तेही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आयएस ४९२६ या रेडिमिक्सच्या भारतीय मानकाप्रमाणे प्लांटवर गाडी भरल्यापासून दोन तासांत माल साइटवर उतरायला हवा. मुंबईच्या माणसाला चाळीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही, पण आपल्या वळणांवरून भरलेली गाडी सव्वा-दीड तास सहज घेते, मध्ये एखादा टँकर आडवा आला की संपलंच. मग इकडे पंपाचा पाइप जोडला नाही, मुकादम चहाला गेलाय, असं करत अर्धा तास जातो आणि ड्रममध्ये माल घट्ट होत जातो. म्हणून ऑर्डर देतानाच अंतर आणि लागणारा वेळ स्पष्ट सांगायचा, म्हणजे ते सेटिंग लांबवणारं केमिकल त्या हिशोबानं घालतात, आणि पहिली गाडी सकाळी लवकर मागवायची.

आता गाडी साकवाच्या अलीकडेच थांबली तर? लाइन पंपानं पाइपातून माल पुढे ढकलता येतो, शंभर मीटर काही विशेष नाही. फक्त हे लक्षात ठेवा की १२५ मिलिमीटरच्या पाइपात शंभर मीटरला सव्वा घनमीटर माल भरून राहतो, शेवटी तो काढायचा कसा आणि टाकायचा कुठे हे आधी ठरवा. व्हाळात नाही हं. छोटी गाडी मिळते का तेही विचारा, काहींकडे असते.

आणि अंतर पंपाच्या आवाक्यातलं नसेल तर सरळ गवंड्याचं ऐका, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या स्लॅबला साधारण शंभर गोणी सिमेंट जाईल, एका गोणीचा मिक्सर घेतला तर शंभर घाण्या, म्हणजे सकाळी सातला सुरू करून संध्याकाळ होणार. अट एकच, खडी-वाळू घमेल्याच्या अंदाजानं नाही, फर्म्यानं (मापाच्या खोक्यानं) मोजून, आणि पाणी मोजायला घरातलं शहाणं माणूस दिवसभर मिक्सरपाशी उभं हवं. भावालाच उभा करा, त्याला क्वालिटीची काळजी आहेच.

प्रश्न (चिपळूण) : आम्ही ब्रासमध्ये विचार करतो, प्लांटवाला घनमीटरमध्ये बोलतो. ४० बाय २५ चा स्लॅब आहे, पाच इंची. किती मागवायचं? कमी पडलं तर लाज जाते, जास्त झालं तर पैसे जातात.

उत्तर : एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेच २.८३ घनमीटर. म्हणजे सहाची एक गाडी दोन ब्रासला थोडी वर. तुमचा स्लॅब १००० स्क्वेअर फूट, पाच इंच जाडी, ४१७ घनफूट, म्हणजे ११.८ घनमीटर. इथेच बहुतेक लोक थांबतात आणि फसतात, कारण बीम राहिले ना! समजा नऊ बाय अठराचे बीम आहेत, त्यातले वरचे पाच इंच स्लॅबमध्ये मोजून झाले, खालचे तेरा इंच उरले. सगळे मिळून १८० रनिंग फूट धरले तर अजून १४६ घनफूट, म्हणजे ४.१ घनमीटर. झाले १५.९. त्यावर सांडलवंड, सेंट्रिंगचा प्लाय कुठे दबतो, पंपात राहतं, म्हणून चारेक टक्के धरा. साडेसोळा.

पण साडेसोळा एकदम बुक करून टाकू नका. सहा आणि सहाच्या दोन गाड्या पक्क्या, तिसरीचं सांगायचं की दुसरी अर्धी उतरली की उरलेला भाग मोजून आकडा देतो. प्लांट लांब असेल तर हा फोन जरा आधी करावा लागतो, नाहीतर तिसरी येईपर्यंत दुसरीचा माल बसायला लागतो आणि सांधा पडतो, मग पावसाळ्यात नेमकी तिथूनच गळती. आणि थांबावंच लागलं तर कुठे थांबायचं हे इंजिनिअरला आधी विचारून ठेवा, गवंडी आपल्या सोयीनं बीमच्या तोंडाशी थांबतो.

माल पूर्ण येतो का अशी शंका असली तर भांडू नका, गाडी वजनकाट्यावरून आणा, भरलेली आणि रिकामी. फरकाला २४०० नं भागा, घनमीटर आला. दराचं म्हणाल तर फोनवरचा दर हा बहुतेक वेळा नुसत्या मालाचा असतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, पंपाचं भाडं वेगळं, गाडी अर्धी भरली तर त्याचे वेगळे, आणि साइटवर गाडी ठरल्यापेक्षा जास्त थांबली तर वेटिंग. हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागवा. तोंडी "बघू नंतर" म्हणणारा नंतर बघतोच.

प्रश्न (मालवण) : किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर होमस्टे बांधतोय, तळमजला अधिक एक. काँट्रॅक्टर म्हणतो सगळीकडे एम २० चालतं, आमच्या काकांचं घर एम २० मध्येच आहे, तीस वर्षं उभं आहे.

उत्तर : काकांच्या घरी जा आणि पोर्चच्या स्लॅबखाली मान वर करून बघा. सळईचा गंज फुगून काँक्रीटचे पापुद्रे निघालेत का? बहुतेक निघालेले असतील. नसतील तर काकांना माझा नमस्कार सांगा.

एम २० म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद, घराचा भार पेलायला ती पुरते, वाद तिथे नाहीच. वाद खाऱ्या वाऱ्याचा आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकामध्ये उघड्या किनारी हवेतलं आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) 'सिव्हिअर' गटात येतं आणि त्याला किमान एम ३०, घनमीटरला कमीत कमी ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, सांगितलंय. समुद्राचे तुषार थेट उडत असतील तर एम ३५ आणि ५० मिलिमीटर. आता गंमत अशी की लोक ग्रेडवर दहा दिवस घासाघीस करतात आणि कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा तुकडा सरकवतात. खार सळईपर्यंत पोचायला किती वर्षं लागणार हे त्या कव्हरवर आणि काँक्रीट किती घट्ट बसलंय त्यावर आहे. म्हणजे एम ३० मागवून व्हायब्रेटर नीट नाही चालवला तर पैसे पाण्यात.

रेडिमिक्सचा खरा फायदा मला तुमच्यासारख्या ठिकाणीच दिसतो. खाडीची वाळू आणि मचूळ विहिरीचं पाणी, ही जोडी आपल्याकडे सळईची वैरी आहे. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, ते जिभेला कळत नाही. प्लांटला पाण्याचा टेस्ट रिपोर्ट मागा, वाळू कुठली ते विचारा, क्रश सँड असेल तर उत्तम. सिमेंट स्लॅगवालं किंवा फ्लाय ॲशवालं घेतलं तर खाऱ्याला जास्त दाद देत नाही, फक्त मग क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) सात दिवसांत गुंडाळायचं नाही, दहा तरी, चौदा केलं तर बरं. आणि ते पाणी पण मचूळ विहिरीचं नको, एवढं सगळं करून वरून खार शिंपडायचा म्हणजे काय!

प्रश्न (अलिबाग) : गाडी आली तेव्हा माल घट्ट होता, ड्रायव्हरनं आमच्याच बॅरलमधलं पाणी ड्रममध्ये सोडलं. मी विचारलं तर म्हणाला सगळीकडे असंच करतात. आता धास्ती वाटतेय.

उत्तर : सगळीकडे करतात हे दुर्दैवानं खरं आहे. माझ्या स्वतःच्या घराच्या स्लॅबला मी फोनवर बोलत होतो तेवढ्यात झालंय, म्हणून तुम्हाला ओरडणार नाही. हिशोब मात्र बघा. घनमीटरला ३४० किलो सिमेंट आणि ०.४५ प्रमाण, म्हणजे १५३ लिटर पाणी. २०० लिटरचं बॅरल सहा घनमीटरच्या गाडीत रिकामं केलं की प्रत्येक घनमीटरला ३३ लिटर वाढले, प्रमाण गेलं ०.५५ च्या जवळ. पैसे एम ३० चे दिले आणि घरात आलं काहीतरी खालचंच, शिवाय चलनावर तुमची सही, त्यामुळे प्लांट म्हणणार पाणी साइटवर घातलं, आमची जबाबदारी संपली.

किती पाणी गेलं ते आठवून लिहून ठेवा, आणि त्या गाडीचे क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरले असतील तर २८ दिवसांचा रिझल्ट येईपर्यंत घाबरू नका. नसतील भरले तर इंजिनिअरला सांगून स्लॅबचा कोअर (ड्रिलनं कापलेला गोल तुकडा) काढून टेस्ट करता येते. हॅमरची टेस्ट स्वस्त पण ती वरवरचंच सांगते. तोवर स्लॅबवर आळी बांधून पाणी भरून ठेवा आणि खालचे टेके काढायची घाई नको, एरवीही साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्यावरच्याला १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४, त्याहून लांब बीमला २१. शंका असलेल्या स्लॅबला याच्यापेक्षा जास्तच ठेवा.

पुढच्या स्लॅबला असं करा. ऑर्डर देताना नुसतं "एम ३०" नाही सांगायचं, साइटवर पोचल्यावर स्लम्प (कोन उचलल्यावर माल किती खाली बसतो ते माप) किती हवा तेही सांगायचं, पंपासाठी १०० ते १५० मिलिमीटरच्या मध्ये. गाडी आली की उतरवायच्या आधी चलन हातात घ्या, ग्रेड, भरल्याची वेळ, गाडी नंबर बघा. मग स्लम्पचा तो तीस सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा कोन भरून उचला, माल किती खाली बसतो ते मोजा, पाच मिनिटांचं काम. माल घट्ट असेल तर प्लांटला फोन लावायचा, त्यांचा माणूस केमिकलचा डोस घालून ड्रम जोरात फिरवतो, पाणी नाही. दोन तास उलटून गेलेत आणि माल मऊ होतच नाहीये तर गाडी परत. वाईट वाटतं, बायकोनं मजुरांच्या जेवणाचं केलेलं असतं, तरी परत.

क्यूबचं म्हणाल तर १६ ते ३० घनमीटरच्या कामाला तीन नमुने, प्रत्येकाचे तीन क्यूब, आणि ते आपल्यासमोर गाडीतून भरायचे. प्लांटवरचा रिपोर्ट प्लांटवरच्या मालाचा असतो, तुमच्या बॅरलचं त्याला काय माहीत.

प्रश्न (देवगड) : आंब्याच्या पॅकिंगसाठी शेड घातलीय, फ्लोअरिंग राहिलंय. सीझन संपला की मेच्या शेवटी रेडिमिक्सनं करून घेऊ का? आणि उरलेल्या मालाचं काय करतात?

उत्तर : शेडवर पत्रे आहेत म्हणजे वरून भीती नाही, पण बाजू उघड्या असतील तर वळवाचा पाऊस आडवा येतो, ताडपत्री बांधून ठेवा. खरी अडचण रस्त्याची. पहिल्या दोन पावसांत लाल मातीचा रस्ता असा होतो की रिकामा टेम्पो रुततो, तिथे पंचवीस टनाचं काय घेऊन बसलात. त्यामुळे मेच्या शेवटी नको. सीझन सुरू व्हायच्या आधी, जानेवारीतच उरका, तेव्हा ऊनही कमी असतं. खालचा भराव पाणी मारून, रोलर फिरवून दाबून घ्या, चिऱ्याच्या तुकड्यांचा भराव वर्षभर बसत राहतो आणि मग फ्लोअरिंगला दोष देतात. क्रेट भरलेला टेम्पो आत येणार असेल तर जाडी सहा इंच ठेवा आणि माल घट्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी कटर मारून जॉइंट पाडून घ्या, नाहीतर तो आपल्या मर्जीनं फुटतो.

उरलेल्या मालासाठी एक फर्मा आधीच मांडून ठेवावा, टाकीचं झाकण म्हणा, पाखाडीची एखादी पायरी म्हणा. आमच्या शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी उरलेल्या मालात तुळशीचा चौथरा घातला, जरा मोठाच झालाय, आता त्यावर मांजरं झोपतात.