रोज कपड्यांखाली बाळगण्यासाठी कोणते पिस्तूल घ्यावे?

परवाना हाती आला आहे, पिस्तूल रोज अंगावर पण कुणाला दिसणार नाही असे ठेवायचे आहे, हात लहान आहेत आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस झाडले जाते ती जागा) काडतूस भरून वावरायची धास्ती वाटते. तेव्हा मिळेल ते सर्वांत लहान आणि हलके पिस्तूल घ्यावे का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे असे शस्त्र बाळगतो आणि नव्याने शिकणाऱ्यांबरोबर नेमबाजीच्या मैदानावर उभा राहतो. त्या अनुभवावरून माझे उत्तर नकारार्थी आहे. बाळगायला सर्वांत सोपे पिस्तूल हे बहुधा चालवायला सर्वांत अवघड असते, आणि अंगावर जाणवणारा त्रास पिस्तुलापेक्षा होल्स्टर (पिस्तूल ठेवायचे म्यान) आणि कमरेच्या पट्ट्यामुळेच अधिक होतो.

आधी वजनाचे पाहू. काडतूस तेच असेल, तर पिस्तूल जितके हलके तितके ते अधिक वेगाने मागे येते आणि हाताला तितका जोराचा धक्का बसतो. रुगर एलसीपीसारखे .380 या छोट्या काडतुसाचे पिस्तूल रिकामे असताना जेमतेम 270 ग्रॅम भरते आणि खिशात आहे की नाही हेही विसरायला होते. पण त्याच्या मुठीवर दोनच बोटे नीट बसतात, करंगळी खाली लोंबकळत राहते, आणि दुसरे मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) संपेपर्यंत बहुतेकांना सराव नकोसा होतो. सराव नकोसा वाटणारे शस्त्र जवळ बाळगणे मला शहाणपणाचे वाटत नाही. स्मिथ अँड वेसन 642 सारख्या पाच गोळ्यांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरचेही तसेच आहे. त्याचा घोडा (काडतुसावर आघात घडवणारा मागचा भाग) आत झाकलेला असल्याने कपड्यांत अडकत नाही आणि चाप लांब व जड असल्याने तो चुकून ओढला जाण्याची शक्यता कमी असते, हे गुण खरेच. पण त्याच जड चापामुळे नवख्याचा नेम ढळतो. ‘छोटे आहे म्हणजे सोपे असेल’ असे म्हणून विक्रेते ते नवशिक्यांच्या हाती ठेवतात, तेव्हा मला नवल वाटते.

गेल्या काही वर्षांत मधल्या आकाराची चांगली पिस्तुले आली आहेत आणि आपण तिथूनच सुरुवात करावी. 2012 मधले स्मिथ अँड वेसन एम अँड पी शील्ड, 2018 मध्ये आलेले आणि इतक्या लहान आकारात दहा गोळ्या सामावणारे सिग सावर पी365, 2019 मधले ग्लॉक 43एक्स ही 9 मिमीची पिस्तुले रिकामी असताना साधारण अर्ध्या किलोच्या आसपास भरतात. ग्लॉक 19 त्याहून जाड आहे आणि जवळपास 670 ग्रॅमचे आहे, पण धक्का सोसण्यात आणि नेम धरण्यात ते पुष्कळ सोपे जाते. अंगकाठी आणि कपडे साथ देत असतील तर तेही सहज झाकले जाते. कपड्यांतून पिस्तूल दिसते ते नळीच्या लांबीमुळे नव्हे, तर मुठीच्या खालच्या टोकामुळे, कारण नळी कमरेखाली आत जाते आणि मूठ सदऱ्याला टेकून बाहेर ढकलते. म्हणून नळी अर्धा इंच तोकडी घेऊन फारसे साधत नाही. उलट पुढच्या बाजूला बाळगताना थोडे लांब होल्स्टर अंगाशी दाबून बसते आणि मूठ आत कलते.

लहान हातांसाठी दुकानात एक चाचणी अवश्य करावी. पिस्तूल रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून ते सुरक्षित दिशेला धरावे, अंगठा व तर्जनी यांमधली बेचकी मुठीच्या मागे जितकी वर जाईल तितकी न्यावी, आणि विक्रेत्याच्या परवानगीने तर्जनी चापावर ठेवावी. बोटाचे पहिले पेर चापावर येण्यासाठी मनगट वळवावे लागत असेल, तर ते पिस्तूल आपले नव्हे. स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) ओढायला जड जात असेल, तर ती डाव्या हाताने घट्ट धरून उजवा हात पुढे ढकलावा (डावखुऱ्यांनी उलट). तरीही जमले नाही, तर शील्ड ईझेड हे मुद्दाम हलक्या स्लाइडसाठी बनवलेले आहे.

आता आपल्या धास्तीविषयी, कारण खरा प्रश्न तोच आहे. आजच्या चांगल्या पिस्तुलात चाप ओढला जाईपर्यंत फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी पिन) अडवून धरणारा भाग असतो, त्यामुळे ते हातातून पडले तरी गोळी सुटू नये अशी योजना असते. तरीही ती गृहीत धरू नये: विशिष्ट कोनात पडल्यास गोळी सुटू शकते असे दिसल्यावर 2017 मध्ये सिग सावरने पी320 साठी मोफत सुधारणा देऊ केली होती, म्हणून जुने पिस्तूल घेताना अशी सुधारणा झाली आहे का ते तपासावे. मात्र यांतला कोणताही अंतर्गत अडसर ओढलेला चाप थांबवू शकत नाही. कारण चाप ओढणे म्हणजे गोळी झाडण्याचा हुकूमच, मग तो बोटाने दिलेला असो की जाकिटाच्या नाडीने. म्हणूनच ट्रिगर गार्ड (चापाभोवतीचे कडे) पूर्णपणे झाकणारे, कायडेक्स या कडक प्लास्टिकचे आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडे ठेवणारे होल्स्टर हा पिस्तुलाइतकाच महत्त्वाचा खर्च आहे. मऊ कापडी होल्स्टर किंवा वापरून लुळे पडलेले चामडे घडी पडून चापापर्यंत पोहोचते. त्याच्या जोडीला ताठ पट्टा हवा. साध्या पट्ट्यावर पिस्तूल झोके घेते, दिवसभर टोचते, आणि माणूस दोष मात्र पिस्तुलाला देतो.

सर्वांत जोखमीचा क्षण पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवण्याचा असतो. सदरा दुसऱ्या हाताने पूर्ण वर धरावा, होल्स्टरच्या तोंडात कपड्याचे टोक किंवा नाडी नाही हे खाली पाहून तपासावे, बोट चौकटीवर सरळ ठेवावे आणि पिस्तूल सावकाश आत सरकवावे. या कामाला कधीच घाई नसते.

चेंबर रिकामे ठेवले तर गरजेच्या वेळी दोन्ही हात मोकळे असावे लागतात, आणि ते असतीलच असे नाही. तरीही पहिल्याच दिवशी भरलेल्या चेंबरने फिरा, असे मी सांगणार नाही. ग्लॉकसारखे पिस्तूल असेल तर भरलेले मॅगझिन काढून, चेंबर रिकामे असल्याची खात्री करून, स्लाइड एकदा ओढून चाप पुढे आणावा आणि काही आठवडे घरातली सगळी कामे, वाकणे-बसणे-जिने चढणे त्याच अवस्थेत करावे. संध्याकाळी पाहावे: चाप मध्येच ओढला गेला असता तर तो मागेच बसलेला दिसला असता. तो रोज पुढेच आढळू लागला की धास्ती समजावून सांगण्याची गरज उरत नाही. हाताने लावायची सेफ्टी असलेले पिस्तूल हवे असल्यास जरूर घ्यावे, पण मग पिस्तूल काढताना दर वेळी ती अंगठ्याने खाली करण्याचा सराव चुकवू नये.

खरेदीपूर्वी शक्य असल्यास दोन-तीन पिस्तुले भाड्याने घेऊन झाडून पाहावीत. मॅगझिनच्या शेवटच्या गोळ्यांपर्यंत ज्याच्या गोळ्या एकमेकींच्या जवळ लागतात ते निवडावे. रात्री मात्र पिस्तूल होल्स्टरमधून काढत बसू नये. होल्स्टरसकट पट्ट्यावरून उतरवून ते तसेच कुलूपबंद पेटीत ठेवावे, म्हणजे चापाला दिवसभरात बोट लागण्याचा एक प्रसंग कमी होतो आणि घरातल्या मुलांपासूनही ते दूर राहते.